चढलेला आकडा

जोतीराम पाटलाला आकड्याचं भारी वेड. गल्लीतल्या दूध संस्थेत यंत्रावर दुधाचं फॅट मोजायचं, हे त्याचं काम. आकडा चढला की दूध चांगलं, उतरला की पाणी घातलं, सरळ हिशेब. कुणी वाद घातला की हा म्हणणार, "आकडा खोटं बोलत न्हाय, पावणं!" मोठा शहाणा!

त्याच्या बायकोला, शालूबाईला, थायरॉईडचा आजार निघाला. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली होती. राजारामपुरीतल्या श्यामलाबाई डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू केली. काही महिन्यांनी त्यांनी परत रक्त काढून मुंबईला धाडलं. रिपोर्ट टपालानं घरी आला. टीएसएच मागच्या वेळी बारा होतं, आता तीस! जोतीरामानं मांडीवर थाप मारली. "चढलं की गं! तुझी ग्रंथी लागली कामाला! बरी झालीस तू!" रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जायचं सोडून ह्या बहाद्दरानं गोळ्याच बंद केल्या.

पुढं शालूबाईचं तोंड भरलं. हा खूश, म्हणे, अंग धरलं. ती जेवता जेवता पेंगायची, तर म्हणे, बाईला आता निवांत झोप लागती. चैत्राच्या रखरखीत उन्हात ती स्वेटर घालून बसली, तेव्हा मात्र शेजारची आक्का कडाडली, "आरं मुडद्या, डोळं फुटलं का तुझं? दावून आण तिला!" तरी जोतीराम तिला घेऊन डॉक्टरांकडं गेला तो रिपोर्ट आणि पेढ्यांचा पुडा घेऊनच.

श्यामलाबाईंनी शालूबाईच्या सुजलेल्या पापण्या बघितल्या, नाडी धरली आणि त्यांचा चेहरा पडला.

"गोळ्या कधी सोडल्या?"

"रिपोर्ट आला तवाच," जोतीराम हसत म्हणाला. "तीस आलं न्हवं!"

"अहो, काय केलंत हे!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "टीएसएच ग्रंथीत तयार होत नाही. ती मेंदूची हाक आहे. ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदू जोरात हाक मारतो आणि हा आकडा चढतो. ग्रंथीचा रस ह्या वरच्या ओळीत आहे. बघा, किती खाली आलाय! हा रिपोर्ट दाखवला असतात तर मी गोळी वाढवली असती, आणि तुम्ही बंद केलीत?"

जोतीरामानं ती ओळ वाचली, परत वाचली. खालची ओळ बघून तो नाचला होता. ही त्यानं वाचलीच नव्हती.

"नाडी फार मंद चाललीय. आजच दाखल करा," बाई म्हणाल्या. "आणखी थोडे दिवस गेले असते, तर ही बेशुद्ध पडली असती. पुढचं मी सांगू शकले नसते."

तो शालूबाईसमोर मटकन खाली बसला आणि तिचा हात धरला. हात गारठून गेला होता. एवढ्या दिवसांत आपण हा हात एकदाही धरला नाही, हे त्याला तिथं कळलं.

"आगं, एवढं हुतंय तर बोलली का न्हाईस?"

शालूबाईचा आवाज घोगरा झाला होता. एकेक शब्द ओढत ती म्हणाली, "तुमी म्हणाला, बरी झालीस. मग उठवंना, काम हुईना. मला वाटलं, आजार गेला आन माझ्या अंगात आळस शिरला. लाज वाटायची वो सांगायला."