घोट्याची पकड

फायनल हरून दोन दिवस झाले होते, तरी नागप्पाच्या चहाच्या टपरीवर सामना काही संपत नव्हता.

सोलापुरात रग्बी बघणारी माणसं एका रिक्षात मावतील एवढीच. एरवी त्यांना कुत्रंही विचारत नसे. पण वळसंगची सोनम भारताच्या मुलींच्या संघात गेली, आशियाई स्पर्धेत संघ एकेक सामना मारत फायनलला पोचला, आणि ज्यांना तो चेंडू लांबट का असतो हेही ठाऊक नव्हतं त्यांना एकाएकी डावपेच कळायला लागले. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

अंकिता स्कूटी लावून टपरीपाशी आली, तेव्हा पृथ्वीराज मोबाइलवर तोच तुकडा पुन्हा दाखवत होता. हा इंजिनिअरिंगचा पोरगा, परदेशी सामने बघून तयार झालेला. अंगात न्यूझीलंडची काळी जर्सी, सोलापूरच्या उन्हात.

"हे बघा. सोनमनं तिला पाडलं. टॅकल एक नंबर. पण रग्बीत समोरचीला खाली पाडलं की हात काढायचा, सोडायचं. नियम आहे तो. ही धरूनच बसली! एकदा नाही, परत परत. मिळालं पिवळं कार्ड. दोन मिनिटं बाहेर. आपल्या सहा, त्यांच्या सात. तेवढ्यात त्यांनी ट्राय मारला, गुण गेले, फायनल गेली."

"सेमीफायनललाबी ह्येच केलं हुतं तिनं," श्रीमंत म्हणाला. "तवा रेफ्रीला दिसलं न्हाय म्हणून वाचलो."

श्रीमंत म्हणजे क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. फायनलच्या मध्यंतराला भारत पुढे होता, तेवढ्यावर गड्यानं 'आशिया विजेती सोनम' असा फ्लेक्स छापायला टाकला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. फ्लेक्सवर श्रीमंतचं तोंड सुपाएवढं आणि सोनमचं अंगठ्याएवढं. आता तो फ्लेक्स गुंडाळून टपरीच्या मागं पडला होता, आणि आपली फजिती झाली ती त्या पोरीमुळंच असं श्रीमंतनं मनाशी पक्कं केलं होतं.

"दुपारच्या गाडीनं ती येतीय," अंकिता म्हणाली. "चला सगळे. हलगीवाला कुटं हाय?"

"नको म्हणून सांगितलं त्याला," श्रीमंत म्हणाला. "हरलेल्या पोरीची मिरवणूक काढली तर लोक आमच्यावर हसतील की."

"रौप्यपदक हाय तिच्या गळ्यात!"

"रौप्य म्हंजी हरलेलंच. सोनं हुकलं की ते मिळतंय."

अंकिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिंकली तर आमच्या मंडळाची, हरली तर वळसंगच्या धनगराची पोर! ती स्वतः सोनमच्या आधी वळसंगच्या मैदानावर कबड्डी खेळलेली. गुडघा गेला म्हणून आता शाळेत मुलांना खेळ शिकवत होती. श्रीमंतला चार शिव्या हासडायला ती मागंपुढं बघणारी नव्हती. पण आज तिला श्रीमंतशी घेणंदेणं नव्हतं. तिला बाकड्याच्या टोकाला बसलेले बिरप्पा सर हवे होते, तिला आणि सोनमला शाळेत कबड्डी शिकवलेले.

सकाळी सोनमचा फोन आला होता. आई-बाप मेंढरं घेऊन करमाळ्याकडं गेलेले, त्यांना येणं जमणार नव्हतं. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. तिनं एवढंच विचारलं, "ताई, सर येणार हायत का? सर स्टेशनवर नसतील तर मी सोलापूरला उतरतच न्हाय. तशीच म्होरं अक्कलकोट रोड स्टेशनला जाती आन् गुपचूप घर गाठती. मैदानावरबी परत येत न्हाय." अंकितानं शब्द दिला होता, सर येतील.

आणि सर काय म्हणत होते?

"माझ्या तोंडाला काळं फासलं तिनं," बिरप्पा सर बशीत चहा ओतत म्हणाले. "रेफ्री शिट्टी मारतोय, कानावर पडंना का तिला? सोड की! एवढी अक्कल नको? म्या इतकं शिकवलं, समदं मातीत घातलं."

चोराच्या उलट्या बोंबा! अंकिताच्या जिभेवर शब्द आलेच होते. वळसंगच्या शाळेचं कबड्डीचं मैदान तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. हातात निरगुडीचा फोक घेतलेले हेच बिरप्पा सर, आणि धुळीत पालथ्या पडलेल्या पोरी. पण तिनं दात आवळले. आता बोललं तर हा माणूस बाकड्यावरून हलणार नाही, आणि सोनम गाडीतून उतरणार नाही. राग गिळणं काय असतं ते ज्यानं गिळलाय त्यालाच ठाऊक. घशाखाली जाताना तो काचेसारखा चिरत जातो.

"सर, चला की," ती जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाली. "तुमी नसला तर तिला कसं वाटंल?"

सरांनी बशी संपवली, मिशी पुसली. "चल. पण दोन शब्द सुनावणार हाय मी तिला."

सत्काराला आणलेली चादर नागप्पानं गल्ल्यामागून काढून अंकिताच्या हातात दिली. "मंडळाची हाय ती," श्रीमंत ओरडला. नागप्पानं त्याच्याकडं बघितलंही नाही, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळायला लागला.

गाडी आली. सोनम दारातच उभी होती. आधी तिनं डोकं बाहेर काढून फलाट न्याहाळला, सर दिसले, मगच पाय खाली ठेवला. पदक गळ्यात नव्हतंच. सरळ पुढं येऊन ती बिरप्पा सरांच्या पायांवर वाकली.

"सर, चुकलं माझं."

आता म्हणेल, अंकिताला वाटलं. आता तरी हा माणूस म्हणेल, तुझं नव्हं पोरी, माझं चुकलं. तिनं वाट बघितली.

सरांनी सोनमच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे, असू दे. माणूस चुकतंयच. जा, म्या माफ केलं."

झालं. गिळलेलं सगळं वर आलं.

"कुणी कुणाला माफ केलं?" अंकिता एवढ्या जोरात ओरडली की हमाल थांबले. "सोनम, ऊठ आदी! सर, सहावीत माझ्या हातातनं घोटा सुटला, तवा भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या मला. पाणी दिलं न्हाय. हिच्या पाठीवर तुमी फोक मोडलाय. 'समोरचीचा दम तुटंपतुर घोटा सोडायचा न्हाय,' ह्ये कोण म्हणायचं? सांगा की!"

"ते... ते कबड्डीसाठी हुतं," सर चाचरले.

"मग ते टपरीवर का न्हाय बोललात? श्रीमंतच्या म्होरं? दोन दिवस समदे तिला शिव्या घालत्यात आन् तुमी त्यात सूर मिळवताय! रग्बीच्या निवडीला तुमीच पाठवलं हिला. जाताना एकदा तरी सांगितलं का, की पोरी, तितं सोडावं लागतंय?"

लोक जमायला लागले होते. सरांचं तोंड उतरलेलं बघून अंकिताला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचा तिला जरासुद्धा पश्चात्ताप झाला नाही.

"ताई, मला ठावं हाय ते," सोनम हळूच म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"शिट्टी ऐकू आली हुती मला. बाकीच्या पोरीबी वरडत हुत्या, सोड म्हणून. संघाच्या कोचनं तर रोज सांगितलं हुतं. डोकं म्हणत हुतं सोड. हात ऐकंना." तिनं स्वतःचे दोन्ही पंजे उघडून बघितले. "ह्या हातास्नी दुसऱ्या कुणाचं ऐकायची सवयच न्हाय."

"मग वाकलीस कशाला त्याच्या पायावर?" अंकिताच्या तोंडून सरांचा एकेरी उल्लेख झाला, तो तिनं दुरुस्त केला नाही.

सोनम तिथंच, फलाटाच्या फरशीवर, बॅग बाजूला सारून खाली बसली आणि दोन्ही हातांनी सरांचा उजवा घोटा धरला. पाया पडताना धरतात तसा नव्हे. कबड्डीत धरतात तसा, अंगठे आत वळवून, कोपरं जमिनीला टेकवून. सर हलले, पाय ओढायला गेले. पाय निघेना.

"आता म्हणा, सर," सोनम म्हणाली. "सोड म्हणा. तुमच्याच आवाजात म्हणा, तवाच हात ऐकतील."

बिरप्पा सरांनी आजूबाजूला बघितलं. हमाल बघत होते, चहावाला बघत होता, खिडकीतली माणसं बघत होती.

"सोड," ते पुटपुटले.

पकड तशीच राहिली.

अंकिता चादर छातीशी धरून उभी होती. तिचा राग अजून कणभर कमी झाला नव्हता.

"मैदानावर वरडायचा तसं वरडा, सर," ती म्हणाली. "समद्यांच्या म्होरं."