पाच शब्दांची सवलत

डिसेंबर लागला की त्या डोंगराळ गावच्या टपाल कचेरीत उघड्या पाकिटांचा ढीग पडे. त्या काळी नाव छापलेल्या कार्डावर हाताने शुभेच्छांचे पाच शब्द लिहायची मुभा होती. पाकीट चिकटवायचं नाही, म्हणजे ते कमी तिकिटात इटलीभर कुठेही जाई. सहावा शब्द आला की पत्राचं पूर्ण तिकीट. शब्द मोजायचं काम एकोणीस वर्षं कचेरीच्या खिडकीवर बसणाऱ्या निवेसकडे होतं. मागच्या नाताळात तिने पाद्रीबुवांचंही कार्ड परत केलं होतं. 'देव तुमचं भलं करो, हार्दिक शुभेच्छा' हे सहा शब्द होतात, आणि त्यातला देव गाळायला ते तयार नव्हते.

एवारिस्तो घड्याळजी नववर्षात दुकान बंद करून उदिनेला भावाकडे जाणार होता. नऊ वर्षं दर सोमवारी तो कचेरीच्या घड्याळाला किल्ली द्यायला येई आणि निवेसशी बर्फाबद्दल बोले. जायच्या आधी तो दुसरं काही बोलला नाही, तर पुढे बोलणारच नाही, हे तिला कळत होतं. स्वतःहून विषय काढणं तिला जमलं नव्हतं.

नाताळच्या चार दिवस आधी त्याने त्रेचाळीस पाकिटं खिडकीत ठेवली. बेचाळिसांत एकच मजकूर होता. त्रेचाळिसाव्यावर तिचंच नाव होतं. आत लिहिलं होतं: 'जाण्याआधी विचारतो, माझ्याशी लग्न कराल?'

निवेसने शब्द मोजले. पुन्हा मोजले. कान तापल्याचं तिला जाणवलं.

"पाचच आहेत," एवारिस्तो हळूच म्हणाला. "आठवडाभर बसवत होतो."

"शब्द बरोबर आहेत," ती म्हणाली, "पण ह्या शुभेच्छा नाहीत. हा प्रश्न झाला. पत्राचं तिकीट लागेल."

मागे उभ्या असलेल्या ओनोरिनाकाकूंनी मान लांब करून कार्ड वाचलंच होतं. "अगं पोरी, आधी उत्तर दे. तिकीट काय, मग चिकटव."

पण त्याने मुकाट्याने तिकीट घेतलं, तिने त्यावर शिक्का मारला, आणि शिक्का बसल्यावर ते टपाल झालं. टपाल पोस्टमनच्याच हातून मिळतं. उद्या सकाळी मिळेल, असं तिने सांगितलं. काकूंनी तिला दगड म्हटलं. त्या रात्री दगडाला झोप लागली नाही.

सकाळी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाला काय पाठवायचं होतं देव जाणे. लोकांनी एवारिस्तोला पुढे ढकललं, तर निवेसने त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं. अकरा माणसं आधी होती. तेवढ्यात पोस्टमन आत आला आणि त्याने नेहमीपेक्षा फार सावकाश तिच्या हातात पाकीट दिलं. तिने कार्ड काढून वाचलं, जणू पहिल्यांदाच. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून रांगेच्या टोकाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "तोंडी उत्तराला तिकीट लागत नाही."

अकराही माणसं भिंतीला चिकटली आणि मधे वाट झाली. एवारिस्तो खिडकीशी आला. रिकाम्या हाती खिडकी अडवणं बरं दिसेना, म्हणून त्याने एक तिकीट मागितलं. कुठलं, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.