पत्रिकांची चांदणी

कुमुदताईंनी केंद्र सरकारच्या एका कचेरीत एकतीस वर्षं जावक विभाग सांभाळला. जावक म्हणजे कचेरीतून बाहेर जाणारं टपाल. टेबलावर आलेलं पाकीट त्याच दिवशी नंबर पडून, शिक्का बसून बाहेर गेलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या होता. एखादं पाकीट राहिलं तर त्यांना जेवण गोड लागत नसे. अशा बाईच्या घरी, दिल्लीजवळ गाझियाबादेत वसुंधरा वस्तीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एकशे बारा लग्नपत्रिका तीन वर्षं माळ्यावर पडून होत्या. त्याही स्वतःच्या मुलाच्या लग्नाच्या. हे कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

झालं होतं ते असं. त्यांच्या मुलानं, आशयनं, नोएडाच्या ऑफिसातली स्वरूपा साळवे पसंत केली. मुलगी नगरची, मराठी, हुशार, आणि ख्रिस्ती. त्यांच्या नवऱ्यानं, श्यामकांतरावांनी, लगेच होकार दिला, कारण जेवणाच्या बेताशिवाय कुठल्याही गोष्टीचा दोनदा विचार करायची त्यांना सवय नव्हती. कुमुदताईंनीही हो म्हटलं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर नाशिकच्या मोठ्या जाऊबाई उभ्या राहिल्या. जाऊबाई काही बोलल्या नव्हत्या, त्यांना तर अजून काही कळलंही नव्हतं. पण त्या काय बोलतील ते सगळं कुमुदताईंनी मनातल्या मनात त्यांच्या वतीनं बोलून घेतलं आणि स्वतःच रडवेल्या झाल्या.

पत्रिका पुण्याहून छापून आल्या. बाहेर लाल जाड कागद, त्यावर सोनेरी गणपती, आणि आत सायीच्या रंगाचा पातळसा कागद, त्यावर मजकूर. "टपालाचं मी बघते," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यावर कुणी शंका घ्यायचं कारणच नव्हतं. दिल्लीतल्या ओळखीच्यांना पत्रिका गेल्या. नाशिक, पुणे, साताऱ्याच्या राहिल्या. आज टाकू, उद्या टाकू करता करता लग्नाचा दिवस उजाडला. नातेवाइकांना त्यांनी फोनवर सांगितलं, "अगदी घरच्या घरी उरकतोय हो." घरात सांगितलं, "एवढ्या थंडीत दिल्लीला कोण येतंय?" दोन्हीकडे एकेक थाप मारून त्या मोकळ्या झाल्या. त्यांना तसं वाटलं, एवढंच.

पुढे ही सून त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की सकाळचा चहा तिच्याशिवाय घशाखाली उतरेना. डेंग्यू झाला तेव्हा स्वरूपानं रजा घेऊन अकरा दिवस त्यांच्या उशाशी बसून काढले, आणि बऱ्या झाल्यावर डॉक्टरांची अशी हुबेहूब नक्कल केली की कुमुदताईंना हसून हसून पुन्हा ताप येतो की काय असं झालं. पण दर डिसेंबरात एक गोष्ट त्यांना खुपायची. स्वरूपा नाताळला चर्चमध्ये जाऊन यायची, येताना केक आणायची आणि संपलं. घरात काही लावायची नाही. पहिल्याच वर्षी कुमुदताईंनी विचारलं होतं, "एखादी चांदणी लावू या ना बाल्कनीत?"

"नको आई," ती अगदी सहज म्हणाली होती. "तुमच्याकडचं कुणी आलं तर त्यांना आवडायचं नाही. आधीच माझ्यामुळे लग्नाला कुणी आलं नाही."

कुमुदताई तेव्हा फरसबी चिरत होत्या. त्या चिरत राहिल्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्यांना ते वाक्य आठवे, तेव्हा त्यांना स्वतःची अतिशय लाज वाटे, आणि लाज वाटली की त्या स्वरूपाच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी करत. पोरीला वाटे, सासूबाईंना खिचडी फार आवडते.

या वर्षी स्वरूपाची आई, पद्मजाताई, नाताळला पहिल्यांदाच दिल्लीला येणार होत्या. कुमुदताईंनी मनाशी ठरवलं, काही झालं तरी यंदा चांदणी लागणार, आणि ती मी हातानं करणार. आकाशकंदील त्या दर दिवाळीला करत, तेव्हा हात तयार होता. बाल्कनीतली फाटकी चिक, म्हणजे उन्हाचा बांबूचा पडदा, सोडवून त्यांनी बांबूच्या कामट्या काढल्या. पाच टोकांचा सांगाडा बांधला. कणकेची खळ शिजवली. अडलं ते कागदाशी. बाजारात चार्टपेपर होता, चकचकीत प्लास्टिक होतं, पण उजेड अंगावर घेऊन मऊ दिसेल असा कागद काही मिळेना.

तेव्हा त्यांना माळा आठवला.

त्या पत्रिका रद्दीत कधीच गेल्या असत्या, पण त्यांच्यावर गणपती होता. गणपती कुमुदताईंना कचऱ्यात टाकवत नसे. कुणाच्याही लग्नाची पत्रिका आली की कार्य उरकल्यावर त्या गणपती कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवत आणि नाशिकला गेल्या की गोदावरीत सोडत. एवढ्या एकशे बारा गणपतींना कात्री लावायचा मात्र तीन वर्षांत धीर झाला नव्हता. आता त्यांना वाटलं, हे बरं झालं. कागद सत्कारणी लागेल आणि पाप माळ्यावरून उतरेल. कुणाला पत्ता लागायचा नाही. असं हे दुहेरी काम त्यांनी तीन दुपारी, सून ऑफिसला गेली की दार लावून केलं.

नऊ पत्रिकांचे आतले कागद चांदणीला लागले. मजकूर आतल्या बाजूला, कोरी बाजू बाहेर. तेवीस पत्रिकांच्या लाल कागदाच्या छोट्या डब्या झाल्या, शेजारीपाजारी करंज्या आणि शंकरपाळे द्यायला. नगरच्या त्यांच्या विहीणबाईंच्या घरी नाताळला केकच्या आधी फराळ होतो, हे त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं. डब्यांच्या आत त्यांनी पांढरा कागद डकवला. बत्तीस गणपती बिस्किटांच्या डब्यात गेले. उरलेल्या ऐंशी पत्रिका त्यांनी पलंगाखालच्या पेटीत सरकवल्या.

तेवीस डिसेंबरला पद्मजाताई आल्या. उंच, बारीक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आशय कामासाठी बंगळुरूला होता, दुसऱ्या दिवशी यायचा होता. संध्याकाळी स्वरूपा ऑफिसातून आली तर बाल्कनीत सायीच्या रंगाची चांदणी टांगलेली. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून बघत राहिली.

"आई, ये आपने बनाया?" बाहेरून आल्यावर पहिली पाच मिनिटं ती हिंदीतच असायची. "म्हणजे, तुम्ही? हातानं?"

"मग काय पायानं?" कुमुदताई म्हणाल्या. त्यांचा आनंद पोटात मावत नव्हता. "अहो, बटण दाबा बघू."

श्यामकांतरावांनी बटण दाबलं. बाहेर धुकं उतरू लागलं होतं आणि चांदणी एकदम पिवळसर उजेडानं भरली. फार सुंदर दिसली. आणि मग तिच्या पाचही हातांवर, आतून, अक्षरं उमटली. उलटी होती, पण चांगली ठसठशीत होती. चि. आशय. चि. सौ. कां. स्वरूपा. तारीख. जेवणाची वेळ साडेबारा. कुमुदताईंनी आयुष्यभर कंदील कोऱ्या पतंगी कागदाचे केले होते. दिवा लागल्यावर छापील कागद बोलायला लागतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि गुपित फुटायच्या भीतीनं त्यांनी दिवा एकदाही लावून पाहिला नव्हता.

"अरे, ही तर आपली पत्रिका," श्यामकांतराव कौतुकानं म्हणाले. "कुमुद, पण त्या तर सगळ्या गेल्या होत्या ना?"

स्वरूपा मान वाकडी करून एकेक हात वाचत होती. मग तिनं सासूकडे पाहिलं. अजून एक थाप मारता आली असती. जास्तीच्या छापल्या होत्या म्हटलं असतं तर श्यामकांतरावांनी मानही डोलावली असती. पण स्वतःच्या हातानं केलेल्या त्या चांदणीखाली उभं राहून कुमुदताईंच्यानं ते होईना.

"मी पाठवल्याच नाहीत," त्या म्हणाल्या. "गावाकडच्या कुणालाच नाही. मला लाज वाटली होती, जाऊबाईंची, लोकांची. त्यांना कुणाला बोलावणंच गेलं नव्हतं, स्वरूपा. ते आले नाहीत ते तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे."

श्यामकांतरावांनी उगाच बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं.

"तीन वर्षं, आई," स्वरूपा हळू आवाजात म्हणाली. "तीन वर्षं मी नाशिकहून फोन आला की दुसऱ्या खोलीत जाते. त्यांना माझा आवाज नको वाटेल म्हणून." आणि ती आत निघून गेली.

कुमुदताई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. करायला काहीच नव्हतं, तरी त्यांनी साबुदाणा भिजत घातला. पद्मजाताई मागोमाग आल्या. त्या काहीतरी लागेलसं बोलतील आणि ते ऐकून घ्यायचं, अशी कुमुदताईंनी तयारी ठेवली होती.

"मला राग आलाय," पद्मजाताई म्हणाल्या. "तो दोन दिवस राहील, मग जाईल. तिचं वेगळं आहे. ती रागावली की गप्प बसते. बोलायला लागली की समजा, निवळलं. तोवर तिच्या मागे लागू नका." आणि त्यांनी डब्यातले शेंगदाणे कढईत ओतून भाजायला घेतले.

सकाळी स्वरूपा उठून आली तेव्हा कुमुदताई चहाचे दोन कप घेऊन बसल्या होत्या, रोजच्यासारख्या. एका कपावर साय धरली होती. ती समोर बसली.

"किती उरल्यात?" स्वरूपानं विचारलं.

"ऐंशी."

"पत्त्यांची वही कुठंय?"

कुमुदताईंनी एवढ्या चटकन उठून वही आणली की त्यांचा गुडघा करकरला. स्वरूपानं ऑफिसात सुट्टी कळवली आणि जेवायच्या टेबलावर ऐंशी पत्रिका, कात्री, खळ आणि डब्यांमधून उरलेले लाल तुकडे मांडले. प्रत्येक तुकड्यातून ती बोटाएवढी चांदणी कापू लागली. पद्मजाताई त्या चांदण्या पत्रिकेच्या आत, नावांच्या वर डकवू लागल्या. कुमुदताई पाकिटांवर पत्ते लिहू लागल्या. बसल्या जागी त्यांच्या हाताला जुनं वळण आठवलं, आणि प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांनी एकपासून नंबर घालायला सुरुवात केली.

"गणपती कापायचा का?" मध्येच स्वरूपानं विचारलं.

"छे. त्याच्याशिवाय पत्रिका अर्धी वाटेल. राहू दे, चांदणीशेजारी काही बिघडत नाही त्याचं."

"आणि आत काय लिहायचं? तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे. लोग क्या समझेंगे?"

"ते मी लिहिते," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी पहिली पत्रिका उघडली आणि तारखेखाली निळ्या शाईत लिहिलं, 'ही पत्रिका तेव्हा पाठवायची राहिली. चूक माझी एकटीची. सून लाखात एक आहे, येऊन बघा. कुमुद.' हे त्यांनी ऐंशी वेळा लिहिलं. विसाव्यापर्यंत त्यांना रडू येत होतं, चाळिसाव्यापासून हात दुखायला लागला, आणि साठाव्याला स्वरूपा म्हणाली, "आई, 'लाखात एक' मधला ख आता घ दिसायला लागलाय, जरा दम घ्या." तेव्हा पद्मजाताईंनी मान वर करून विहिणीकडे पाहिलं आणि हसल्या.

श्यामकांतराव पाकिटं पिशवीत घालून पोस्टात निघाले, पण कुमुदताईंनी पिशवी काढून घेतली. काउंटरवर शेवटच्या पाकिटावर शिक्का बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

नाताळ छान झाला. आशय आला, त्याला सगळं सांगितलं गेलं, तो आईवर थोडा रागावला आणि मग करंज्यांवर तुटून पडला. लाल डब्या अख्ख्या मजल्यावर फिरल्या. चांदणी रोज संध्याकाळी लागत होती. स्वरूपानं तिचे कागद उलटे करून पुन्हा डकवले होते, त्यामुळे समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही आता नावं वाचता येत. त्यांना मराठी येत नव्हतं, ते सोडा.

दोन जानेवारीला, दुपारी, फोन वाजला. पडद्यावर नाशिकचं नाव होतं. सवयीनं स्वरूपा उठून आतल्या खोलीकडे निघाली. कुमुदताईंनी फोन घेतला नाही. त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"हॅलो, कोण, स्वरूपा का?" मोठ्या जाऊबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येण्याइतका खणखणीत होता. "अगं, पत्रिका मिळाली. कुमुद वेडी आहे, तिचं काही मनावर घेऊ नकोस. मला एवढंच सांग, इथे जेवण साडेबाराला लिहिलंय. आम्ही उशिरा आलो तर चालेल ना?"

स्वरूपानं एकदा सासूकडे पाहिलं.

"या ना, काकू," ती म्हणाली. "आम्ही जेवायचे थांबलोय."

कुमुदताईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्या उठल्या आणि ऊन आहे तोवर पाहुण्यांसाठीच्या गाद्या बाल्कनीत, चांदणीच्या खाली, घालायला लागल्या.