दुरुस्तीला दुरुस्ती

अमेरिकेचा राजकीय इतिहास हा माझा धंदा. त्यातही माझा प्रांत इतका अरुंद की तिथे मी आणि कॅन्ससमधला एक म्हातारा असे दोघेच राहतो, आणि आमचं एकमेकांशी बोलणं नाही. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ठराव आला की त्याला दुरुस्ती कशी येते, दुरुस्तीला दुरुस्ती कशी येते आणि त्या चेंगराचेंगरीत मूळ ठराव कसा गुदमरतो, यावर मी एक जाडजूड पुस्तक लिहिलंय. लिहायला किती वर्षं लागली, असं लोक विचारतात. वाचायला किती लागतील, असं कोणी विचारत नाही, कारण तो विचार कोणाच्या मनातच येत नाही. माझी बायको लोर्ना ते पुस्तक स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहावी म्हणून मध्ये अडकवते. व्हरमाँटमधल्या जुन्या घरांना जाड पुस्तकं फार उपयोगी पडतात.

असा माणूस वेस्ट हॅलमसारख्या छोट्या गावात राहिला की मार्चच्या पहिल्या मंगळवारी त्याला शिंगं फुटतात. त्या दिवशी शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, गावसभा भरते. रस्त्यांची खडी, बर्फ काढायची गाडी, स्मशानाचं कुंपण, सगळं काही गाव एकत्र बसून आणि भांडून ठरवतं. मी मध्येमध्ये उठतो आणि नियम सांगतो. कोणी विचारलेलं नसतं. युनिव्हर्सिटीत माझ्या वर्गातली मुलं झोपतात. इथले लोक निदान विणकाम करत जागे असतात, त्यामुळे मला चेव येतो. वर्षानुवर्षं असं केल्याने माझ्यामागच्या दोन रांगांना सवय लागली आहे. काय चाललंय ते कळलं नाही की ते माझ्याकडे बघतात. मी उठलो की उठतात, बसलो की बसतात. माझ्या साऱ्या कारकिर्दीत एवढे निष्ठावान विद्यार्थी मला दुसरीकडे मिळाले नाहीत.

यंदा नवव्या कलमात वाचनालयाचा खर्च होता, आणि वाचनालय म्हणजे मॉरीन ड्यूकेट.

मॉरीन इथलीच, दूधवाल्या ड्यूकेटांची मुलगी. माझ्या हाताखाली शिकलेली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. ती पीएचडी करू की नको म्हणत होती तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं होतं, "हुशार माणसाला प्राध्यापकी मिळतेच." मला ती मिळाली होती, यावरूनच हे खरं नाही हे मला कळायला हवं होतं. आमच्या वेळी ज्याला टाय बांधता येई त्याला नोकरी मिळे. मॉरीनने देशभर अर्ज केले, मुलाखती दिल्या, आणि शेवटी गावी परत येऊन आठवड्यातून तीन दिवस वाचनालय चालवायला लागली. दर गुरुवारी दुपारी ती म्हाताऱ्यांना जमवून जुनी वर्तमानपत्रं वाचायला लावते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या निवडणुकांवरून ते लोक असे कडाकडा भांडतात की बाहेर रस्त्यावर ऐकू यावं. माझ्या वर्गात इतिहासावरून कधी साधं कुरबुरलंही नाही कोणी.

मीही गुरुवारी जातो. गेल्या गेल्या विचारतो, "काय मॉरीन, अजून इथेच?" हे मी मायेनेच विचारत होतो, असं मला वाटायचं.

तर नववं कलम आलं. ड्वाइट स्प्रेग उठला. ड्वाइटला गावातला प्रत्येक खर्च स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा लागतो. तो म्हणाला, "इमारत राहू द्या, शेगडी राहू द्या. पगार कशाला? पुस्तकं काय, कोणीही उचलून देईल. माझी दुरुस्ती अशी की पगार उडवा."

जिममध्ये कुजबूज झाली. चर्चमधल्या एक बाई उठून म्हणाल्या, "अहो, अगदीच उडवू नका. अर्धा तरी ठेवा."

दुरुस्तीला दुरुस्ती! साक्षात माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण आमच्या जिममध्ये अवतरलं होतं. मी उभा राहिलो. सभापती हार्लन पेटीबोनने डोळे मिटून घेतले. तो मेपलच्या झाडांचा रस तासन्‌तास आटवून पाक काढतो, त्यामुळे वाट बघायची त्याला सवय आहे.

"आधी मत अर्ध्या पगारावर," मी सांगितलं. "मग ड्वाइटच्या दुरुस्तीवर. मग उरेल त्या ठरावावर. ज्यांना वाचनालय हवंय त्यांनी पहिल्या मताला उभं राहावं, म्हणजे वाईटातलं बरं तरी हाती राहील. दुसऱ्याला बसून राहावं. कळलं?"

"कळलं, कळलं," हार्लन म्हणाला. "बसा आता, प्रोफेसर."

मी बसलो, पण तोंडाचा पट्टा काही थांबेना. मागे वळून मी त्या दोन रांगांना एका रेल्वेपुलाची गोष्ट सांगायला लागलो. तो पूल काँग्रेसमध्ये अशाच दुरुस्त्यांखाली बुडाला होता. गोष्ट रंगली होती. मध्ये कुठेतरी "नाही!" असा मोठा आवाज झाला. मला वाटलं, ड्वाइट कोणावर तरी ओरडतोय. खरं तर तेव्हा अर्ध्या पगाराची दुरुस्ती तोंडी मतदानात पडली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

"बाजूने असतील त्यांनी उभं राहा," हार्लन म्हणाला.

मी ताडकन उठलो. माझ्यामागे दोन रांगा उठल्या. लोर्नाने माझा कोट ओढला.

"बस खाली, मेल्या!"

"थांब गं. नियम असाच आहे."

"अरे, कसला नियम? खाली बस!"

मी तिच्याकडे बघून हसलो. सामान्य माणसाला कार्यपद्धती समजत नाही याचं मला नेहमीच वाईट वाटत आलंय. हार्लनने डोकी मोजली, मग विरोधातली मोजली. ड्वाइटची दुरुस्ती चार मतांनी मंजूर झाली. लगेच उरलेला ठरावही आवाजीने मंजूर झाला, आणि ड्वाइट स्वतःच इतका चकित झाला की टाळी वाजवायची विसरला.

"एव्हरेट," लोर्ना हळूच म्हणाली, "तू आत्ता मॉरीनचा पगार कापलास."

मी वळलो. मागे बघितलं. मॉरीन दाराजवळ कॉफीच्या भांड्याशी उभी होती. ती चिडलेली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि मग खाली कपांकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हार्लनने चष्मा नीट केला. "आता कलम दहा—"

इथे माझ्या विद्येचा एकमेव उपयोग होता, आणि तो माझ्याच अंगाशी येणारा होता. पुढच्या कलमाची चर्चा सुरू व्हायच्या आत झालेल्या मताचा फेरविचार मागता येतो. पण तो मागायचा कोणी? जिंकलेल्या बाजूने ज्याने मत दिलं त्यानेच. हरलेल्यांनी मागितला तर चालत नाही.

"माग ना!" मी लोर्नाला म्हटलं.

"मी बसून होते, अरे! मला कुठे मागता येतोय? तूच माग. तूच तर ड्वाइटचा माणूस."

मी उभा राहिलो. डोक्यात एक भारदस्त वाक्य तयार होतं: नव्याने पुढे आलेल्या काही बाबी लक्षात घेता वगैरे. अशा वाक्यांवर मी घर चालवलंय.

"सभापती महाराज, नवव्या कलमाचा फेरविचार व्हावा, अशी माझी सूचना आहे."

"आता का?" ड्वाइट गरजला. "आत्ता तर माझ्या बाजूने उभा होतास! कारण सांग."

"नव्याने पुढे आलेल्या काही—"

"कुठल्या? दोन मिनिटांत काय पुढे आलं?"

सगळी जिम माझ्याकडे बघत होती. त्यात माझ्याकडे शिकलेले निदान दहा जण होते. कॉफीच्या भांड्याशी एक होती.

"मत कशावर चाललंय ते मला कळलंच नाही," मी म्हणालो.

छप्पर उडेल असं हसणं सुरू झालं. बायकांच्या हातातल्या सुया गळून पडल्या. हार्लन हातोडी आपटत होता आणि स्वतःही हसत होता. कोणीतरी ओरडलं, "चौथं प्रकरण परत वाच, प्रोफेसर!" म्हणजे कोणीतरी ते चाळलं तरी होतं. मागच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "आम्हालाही कळलं नव्हतं. आम्ही ह्याच्यामागे उठलो." पुन्हा हशा. फेरविचाराची सूचना मंजूर झाली. ड्वाइटनेसुद्धा हात वर केला. म्हणाला, एवढी करमणूक फुकट कुठे मिळते. नव्याने मत जेवणानंतर, असं हार्लनने जाहीर केलं.

जेवणाच्या रांगेत मी उकडलेल्या राजम्याची प्लेट घेऊन लपायला जागा शोधत होतो. मॉरीनने गाठलं.

"प्रोफेसर, खरंच कळलं नव्हतं तुम्हाला?"

"खरंच. शपथ."

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उठलात."

"मुद्दाम? मी? तुझा पगार कापायला?"

"दर गुरुवारी विचारता ना, अजून इथेच?" ती प्लेटकडे बघत बोलत होती. "मला वाटलं, हिला इथून उठवल्याशिवाय ही काही चांगलं करणार नाही, असं ठरवलंत तुम्ही. इथलं सगळं तुम्हाला वाया गेल्यासारखं वाटतं, हे मला माहीत होतं. पण सगळ्यांसमोर उभं राहून सांगाल, असं नव्हतं वाटलं."

तिला बोचत होतं तेच मी आठवड्यामागून आठवडे हसत हसत विचारत आलो होतो, आणि वर त्याला माया म्हणत होतो. मी शिकवण्यावर पोट भरतो, आणि माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीला माझं बोलणं एवढंच समजलं होतं.

"मॉरीन," मी म्हणालो, "तुझ्यासारखा वर्ग मला एकदाही घेता आला नाही. मला तुझा हेवा वाटतो. म्हणून मी तसा बोलतो. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तू गेलीस तर मी गुरुवारी कुठे जाऊ?"

मग तिने माझ्या प्लेटमध्ये मेपलच्या गोड पाईचा एक तुकडा ठेवला.

"मग दुपारी बसून राहा," ती म्हणाली. "फक्त बसून राहा. नियम सांगू नका, गोष्ट सांगू नका."

जेवणानंतर पुन्हा मत झालं. "पगार उडवायच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहा," हार्लन म्हणाला आणि त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. लोर्नाने वरून माझा कोट धरला होता. मागच्या दोन रांगा माझ्याकडे बघत बघत बसून राहिल्या. ड्वाइट आणि त्याचे लोक उभे राहिले, आणि कमी पडले.

वाचनालयाचा पूर्ण खर्च मंजूर झाला तेव्हा मॉरीनसाठी सगळी जिम उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझे डोळे भरून आले होते, आणि तिच्यासाठी उठावं असं मला फार वाटत होतं. पण मी उठलो नाही. न जाणो, हार्लन पुन्हा मोजायला लागायचा.