हरवलेल्या रणातली खीळ

मित्रांनो, म्हाताऱ्या लोखंडाला वय विचारायचं नसतं, पण मला ते सांगायला भारी आवडतं! मी जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे. बैलगाडीच्या चाकाची खीळ. आसाच्या टोकाला भोक असतं ना, त्यात मी उभी राहायचे आणि चाकाला दम द्यायचे, "खबरदार, निसटलंस तर!" मी वीतभर लांब, बोटभर जाड आणि डोक्याने जराशी वाकडी. अंगावर सोनं नाही, चांदी नाही, पितळेचा ठिपकासुद्धा नाही. नुसतं लोखंड. आणि त्यापायीच मी इतकी वर्षं कुणाला सापडले नाही.

माझा जन्म ब्रिटनच्या पूर्वेला, इसेनी लोकांच्या एका गावात झाला. लोहाराने आपल्या लेकीला, वेल्लिबियाला, लग्नात गाडी दिली, त्या गाडीची मी. भट्टीत लाल होताना आणि घणाखाली चेपताना मी खूप ओरडले. पण नंतर काय मजा आली! मी जवाच्या पेंढ्या वाहिल्या, भिजलेल्या मेंढ्या वाहिल्या, बिअरची पिंपं वाहिली आणि वेल्लिबियाची सासू वाहिली. सासूबाई सगळ्यांत जड होत्या.

मग आमचा राजा मेला आणि रोमन अंमलदार आले. त्यांनी आमची जमीन स्वतःची म्हणून बळकावली. आमच्या राणीला सगळ्यांदेखत फटके मारले. वेल्लिबियाच्या भावाला गळ्यात साखळी घालून नेलं, तो पुन्हा दिसला नाही. तेव्हा अख्खी जमात उठली. आजूबाजूच्या जमातीही उठल्या. तरण्याताठ्यांनी भाले घेतले आणि त्यांच्यामागे आम्ही गाड्या निघालो.

आम्ही शहरं जाळली, मित्रांनो. तिथे सैनिक थोडे होते. म्हातारे होते, बायका होत्या, पाळण्यातली लेकरं होती. आमच्या माणसांनी कुणालाच सोडलं नाही. माझ्या चाकाला लागलेला चिखल लाल होता, आणि गाडीत सासूबाई टाळ्या वाजवून गात होत्या. वेल्लिबिया मात्र गात नव्हती. ती बैलांच्या शिंगांकडे बघत बसली होती.

शेवटी रोमन सैन्य एका घळीच्या तोंडाशी उभं राहिलं. पाठीमागे दाट रान, दोन्ही अंगांना चढ. आमच्यापुढे ते अगदी मूठभर दिसत होते.

आता आमच्याकडे एक रीत होती. लढाई असली की घरच्यांनी गाड्या घेऊन जायचं, मागे रांगेत लावायच्या आणि वर बसून बघायचं. आपला माणूस कसा लढतो हे घरच्यांनी बघितलं नाही तर त्या लढण्यात काय अर्थ?

"अगं, पुढे घे ना गाडी!" सासूबाई म्हणाल्या. "इथून मला काय दिसणार? त्या पुढच्या गाडीतल्या जाडीची पाठ?"

"आई, ही लढाई आहे, बैलबाजार नव्हे," वेल्लिबियाचा नवरा इसु म्हणाला. त्याने तोंडाला निळा रंग फासला होता. "जरा मागेच थांबा. वाट मोकळी ठेवा."

"वाट कशाला? पळून यायचंय की काय तुला?"

आजूबाजूच्या गाड्यांवरचे सगळे हसले. इसुही हसला. "ये मग, नीट बघ," म्हणाला आणि धावत गेला. गाड्या एकमेकींना खेटल्या, चाकाला चाक लागलं. सासूबाईंनी जवाची भाकरी मोडली आणि अर्धी सुनेला दिली.

ती भाकरी खाऊन व्हायच्या आतच सगळं फिरलं.

रोमनांनी आधी भाले फेकले. आमची पुढची रांग गवत कापावं तशी आडवी झाली. मग ते ढालीला ढाल लावून पाचरीसारखे आत घुसले. लांब तलवार फिरवायला आमच्या माणसांना जागाच उरली नाही, आणि त्यांच्या आखूड तलवारी खालून पोटात शिरत होत्या. आमची माणसं मागे वळली. मागे कोण होतं? आम्ही! गाड्यांची भिंत, इकडून तिकडे, फट नसलेली.

माणसं चाकांवर चेंगरली. माझ्यासमोर एकाच्या बरगड्या आऱ्यांवर मोडल्या, तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. गर्दीत इसु दिसला. त्याचा एक हात नव्हता.

"वेल्ली, गाडी काढ!" तो ओरडला.

बैल हलेनात. हलणार कुठे? मग वेल्लिबियाने खाली उडी मारली, दगड उचलला आणि मला खालून ठोकायला लागली.

"काय करतेस, बये? चाक निसटेल!" सासूबाई किंचाळल्या.

"निसटू दे! गाडी कलंडली तर माणसं वरून जातील. उतरा खाली!"

जन्मभर चाक धरून ठेवणं हे माझं काम. त्या दिवशी मी आपणहून सैल झाले. चाक निसटलं, गाडी कलंडली आणि माणसं तिच्यावरून पलीकडे उड्या टाकू लागली. एक बाई पोटाशी मूल धरून गेली, ते मी स्वतः पाहिलं. इसु मात्र तिथपर्यंत पोहोचलाच नाही. रोमनांनी आधी बैल भोसकले, मग सासूबाईंना, मग वेल्लिबियाला. मी तिच्या मुठीत होते. ती माझ्यावर पडली.

मग गवत आलं. मग नांगर आले. ते रण कुठे झालं, हे सगळे विसरले.

कितीतरी पिढ्यांनंतर तिथे वाटाण्याचं शेत होतं, आणि त्या शेतात मेरिएल आली. ती शाळेची बस चालवून निवृत्त झाली होती. तिच्यासोबत तिचा मेव्हणा नोएल असायचा. दोघांच्या हातात मेटल डिटेक्टर. हे शेत विकलं गेलं होतं, वाटाणा निघाला होता आणि आता तिथे गोदामं उठणार होती. लढाई इथेच झाली असं मेरिएलचं मन सांगत होतं, पण पुरावा नव्हता. आणि कसा मिळणार? ही शोधणारी मंडळी नाणी शोधतात, म्हणून यंत्राला सांगून ठेवतात की लोखंड लागलं तर गप्प राहा. किती जण माझ्या डोक्यावरून चालत गेले!

त्या दिवशी मेरिएलने लोखंड गप्प करणारं ते बटण फिरवलं.

"लोखंड चालू केलंस?" नोएल म्हणाला. "वेड लागलंय का तुला? आता दिवसभर नाल आणि खिळे ऐकत बस."

"लढाईत माणसं काय नाणी फेकून मारत होती?"

"बरं बाई, तुझंच खरं."

तेवढ्यात मी वाजले. काय वाजले म्हणून सांगू! नोएलने खुरपं खुपसलं, मला उपटून काढलं आणि हात मागे नेला.

"अरे, काय करतोस?"

"कुंपणात टाकतोय. नाणी खणताना असल्या वाकड्या खिळा निघाल्या, त्या मी मागे दोनतीनदा फेकल्यात. इथे ढिगाने आहेत."

"गाडीच्या चाकाच्या खिळा, ढिगाने? आणि तू फेकल्यास?" मेरिएलचा आवाज चिरकला. "ठेव. जिथून काढलीस तिथेच ठेव, गाढवा!"

नोएलने मला ठेवलं. मेरिएलने शेजारी झेंडी रोवली. मग पुढे आणखी एक खीळ वाजली, मग भाल्याचं टोक, मग आणखी एक खीळ. संध्याकाळी झेंड्यांची सरळ रांग उभी होती. गाड्यांची रांग! नोएलने तिच्याकडे बघितलं आणि मग कुंपणाकडे.

गोदामांचं काम थांबलं. जाणकार आले, त्यांनी मऊ कुंचल्यांनी माती काढली. माझ्या जागेपाशी एका बाईच्या हाताची हाडं निघाली, आणि थोड्या अंतरावर बैलांची. मित्रांनो, नोएलचा हात जरा भरभर चालला असता तर वेल्लिबियाच्या अंगावर आज सिमेंट असतं.

म्हणून माझं एवढं ऐका. मातीत काही जुनं दिसलं तर लगेच उपटू नका, खिशात घालू नका, भिरकावू नका. तिथेच राहू द्या आणि मोठ्या माणसाला बोलवा. आमची अर्धी गोष्ट आमच्या अंगात असते, अर्धी आमच्या जागेत.

नोएल अजूनही सुट्टीच्या दिवशी कुंपणाशी येतो आणि काटेरी झुडपांत गुडघ्यांवर रांगतो. परवा त्याला एक खीळ मिळाली. त्याने ती मेरिएलपुढे धरली. "ही कुठून काढली होती मी?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. ती खीळ माझीच बहीण आहे. पण तिच्या गाडीवर कोण बसलं होतं आणि तिच्यापाशी कोण मेलं, ते आता कधीच कुणाला कळणार नाही.