तिसरी ओळ

मी लायब्ररीत काम करते म्हटलं की नातेवाईक विचारतात, वाचायला बराच वेळ मिळत असेल नाही? समजावून सांगायचा आता कंटाळा येतो. आमची लायब्ररी पुस्तकांची नाही. तो एक प्रोग्राम आहे आणि दुसरे प्रोग्राम त्याला प्रश्न विचारतात. कुठे वीज गेली की हॉस्पिटलचा कॉम्प्युटर आमच्या लायब्ररीला विचारतो, त्या भागात घरी ऑक्सिजनचं मशीन कोणाकोणाकडे आहे. लायब्ररी यादी देते. मग दोन नर्सबाई त्या यादीतल्या घरांना वरून खाली फोन करत जातात. मशीन बंद पडलं का, सिलिंडर लावला का, गाडी पाठवू का.

ही यादी बावीस वर्षं साध्या टेक्स्ट फाइलींत होती. भागागणिक एक फाइल, एका ओळीत एक घर. फाइली मास्तरांच्या. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण चुकलं तर कान पिळतील अशी धास्ती वाटायची म्हणून मास्तर. रोज सकाळी नर्सबाईंशी फोनवर बोलून झालं की डाव्या हातात चहाचा कप धरून ते उजव्या हाताने ओळी वरखाली करत बसायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा आहे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, आणि मॅनेजरबाईंनी सगळं डेटाबेसमध्ये न्यायचं ठरवलं. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

चार महिने त्यात गेले. कुठे फोन नंबरात एक आकडा कमी, कुठे एकच माणूस दोनदा. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला. शेवटी फाइलींतली घरं चारशे बारा आणि डेटाबेसमधली घरंही चारशे बारा भरली. मी सुटकेचा श्वास सोडला, तो जरा लवकरच सोडला.

आमच्या भागात वीज गेल्याचं नुसतं नाटक करून आम्ही यादी मागवली. ती आली नावांच्या अक्षरांप्रमाणे. सगळ्यात वर होते फक्त झोपताना मशीन लावणारे एक गृहस्थ. नर्सबाईंनी विचारलं, ते बाळ कुठे गेलं, ते नेहमी वर असतं. बाळ चौसष्टावं होतं. मास्तर इतकी वर्षं काय करत होते ते मला तेव्हा कळलं. ज्याला थांबता येत नाही त्याची ओळ वर, एवढंच. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते नव्या घरात नेलंच नाही.

मॅनेजरबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि क्रमांकापुढे कारण लिहा, कारणाची जागा रिकामी ठेवायची नाही. उद्या मी नसेन, तुम्हीही नसाल, म्हणाल्या. खरंच होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. पुढचे तीन आठवडे मी नर्सबाईंना विचारून विचारून चारशे कारणं लिहिली. दमलेली माणसं, त्यांची दमलेली फुफ्फुसं, आणि लिहिणारी मी.

आमच्या भागाची मास्तरांची जुनी फाइल मी शेवटी ठेवली होती. उघडली. पहिल्या ओळीत एक आजी, त्यांना मशीनशिवाय दहा मिनिटंही काढता येत नाहीत. दुसऱ्या ओळीतल्या गृहस्थांचं तसंच. तिसऱ्या ओळीत माझे बाबा. चौथ्या ओळीत ते दहा महिन्यांचं बाळ.

बाबांना मशीन लागतं, पण तास-दीड तास त्याच्यावाचून निभतं, आणि पलंगाशी दोन भरलेले सिलिंडर असतात. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, सत्तरच्या आसपास बसतील. मी मास्तरांना फोन केला.

"तुझी आई गेली त्या आठवड्यात मी त्यांना वर घेतलं," मास्तर म्हणाले. "कुठेही वीज गेली की तू घरी फोन लावत बसायचीस. नंतर खाली घ्यायचं राहिलं. राहिलं कसलं, मी घेतलं नाही."

"मग आता कारण काय लिहू?"

"माझ्या फाइलीत कारणाला जागाच नव्हती," ते म्हणाले. "तेवढं एक बरं होतं बघ."

कारणाच्या रिकाम्या चौकोनासमोर मी बराच वेळ बसून राहिले. वय झालंय, एकटे असतात, काहीही लिहिलं असतं तरी कोण तपासणार होतं? घरी येईल त्याला बाबा सांगायचे, वीज गेली की मी खुर्चीतून उठायच्या आत फोन येतो, आमची पोर आहे ना तिथे. त्यांच्याकडे मिरवण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं. मला तिसरा क्रमांक हवा होता, खोटं कशाला बोलू. मग मी एकाहत्तर लिहिलं. पुढे कारण लिहिलं: दोन सिलिंडर भरलेले, स्वतः लावू शकतात. त्यातला दुसरा भाग अजून खरा नव्हता. बाबांनी सिलिंडरच्या चावीला आजवर हात लावला नव्हता.

शनिवारी मी त्यांना सगळं सांगितलं, बाळाचंही. ते म्हणाले, म्हणजे तुला तिथे कोणी विचारत नाही. मी सिलिंडर पुढे ओढला. चावी कुठे बसवायची, किती फिरवायची, काटा कुठवर आला पाहिजे, ते दाखवलं. माझ्यावर उपकार केल्यासारखं त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि टीव्ही लावला.

पुढच्याच रविवारी दुपारी वीज गेली. मी त्यांच्या पलंगाची चादर बदलत होते. मशीन दोनदा ओरडलं आणि गप्प झालं. मी पुढे होणार तोच बाबांनी हाताने थांबवलं. त्यांचे डोळे फोनवर होते. सवयीने माझेही गेले. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. फोन वाजला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास उतरताना मी बघितला, आणि मला माझीच लाज वाटली.

मग ते उठले. चावी एकदा सटकली. मी चादर घट्ट धरून जागच्या जागी उभी राहिले. दुसऱ्यांदा चावी बसली, काटा वर गेला, त्यांनी नळी नाकाशी लावली आणि डोळे मिटले.

फोन आला तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती. बाबांनीच उचलला.

"हो, लावलाय. मीच लावला," ते म्हणाले. मग जरा दम खाऊन विचारलं, "त्या बाळाकडे झाला का फोन?"

पलीकडून नर्सबाई काहीतरी बोलल्या.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "पुढच्या घरी करा."