भोंग्यावरून मागितलेली माफी

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट कुजबुजत सांगणं मला जमणार नाही. ऐकायची तर खणखणीत आवाजात ऐका!

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने मला ठोकून गोल केलं, राखाडी रंग दिला आणि तपासणीच्या दिवशी माझ्यासमोर दोन्ही कानांवर हात ठेवले. "याच्या शेजारी राहणाऱ्यांचं काही खरं नाही," तो म्हणाला. मी ती शाबासकीच समजलो. महिन्याभरात एका शाळेच्या अंगणात, दुसऱ्या मजल्याच्या कठड्याखाली मला टांगलं. माईक मुख्याध्यापकांच्या खोलीत, मी बाहेर. तिथून मला फाटक, पाण्याची टाकी, व्हरांडा आणि भिंतीपलीकडची गल्लीही दिसायची.

तेव्हाचे मुख्याध्यापक कष्टाळू होते आणि त्यांचा माझ्यावर भारी जीव. उशिरा आलेल्यांची नावं, नापास झालेल्यांची नावं, सगळी माझ्या तोंडून जायची. एकदा तर "गणिताचे सर आज सात मिनिटं उशिरा आलेले आहेत," असंही त्यांनी भर अंगणात ऐकवलं. मुलं खिदळली. सर खाली मान घालून वर्गात गेले आणि तो सगळा राग त्यांनी पाढा चुकलेल्या एका मुलीवर काढला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पाहुणे यायचे, सामसूम अंगण बघायचे आणि म्हणायचे, "काय शिस्त आहे हो!" मी नुसता फुगून जायचो. घाबरून गप्प बसलेली शाळा वेगळी आणि शांत शाळा वेगळी, हे मला कुणी शिकवलं होतं?

मग ते निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. त्या माईककडे फिरकेनात! सकाळी फाटकाशी उभ्या राहायच्या. "काय रे, बरं वाटतंय का आता?" "तुझ्या आजीचा पाय कसा आहे?" शिक्षकांना विचारायच्या, "काही अडलंय का?" आणि नुसतं विचारून थांबायच्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीतला बंद पंखा त्यांनी आठवड्यात फिरता केला. माझ्या वाट्याला मात्र धूळ आली. शाळा चालवतायत की पाहुणचार करतायत, असं मी चिडून म्हणायचो. दोन वर्षं अशीच गेली.

आणि एक दिवस बाई चुकल्या.

चाचणी परीक्षा होती. मधल्या सुट्टीत पाहिलं तर टाकी कोरडी ठणठणीत! तीनशे मुलं आणि प्यायला घोटभर पाणी नाही. कुणीतरी सांगितलं, सकाळी नळाशी टिवटिव दिसली होती. टिवटिव म्हणजे सातवीतली एक मुलगी. अखंड बोलायची म्हणून हे नाव पडलं होतं. बाईंचं डोकं सणकलं. त्यांनी तडक माईक उचलला, तिचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाल्या, "हिने नळ उघडा टाकून सगळ्या शाळेला तहानलेलं ठेवलंय. असली बेफिकिरी इथे चालणार नाही."

खरं सांगतो, मी खूश झालो. किती दिवसांनी मनासारखं काम मिळालं होतं! मी जीव तोडून ओरडलो. अंगणभर हशा पिकला. टिवटिव नळाकडे बोट दाखवून काही सांगू पाहत होती, पण माझ्यापुढे कुणाचं चालतं? भिंतीपलीकडे तिची आई शिवणकाम करायची. तिच्या खिडकीतलं मशीन थांबलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी टिवटिव शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्या दिवशी शिपाईमामा नळ दुरुस्त करायला बसले आणि तसेच उठून बाईंकडे गेले. "मोठ्या बाई, वायसर झिजून गेलंय. नळ बंदच होत नव्हता. आणि हे बघा." त्यांच्या हातात टिवटिवची केसांची ओली रिबीन होती. "पोरीने तोटी बांधून ठेवली होती हो. मलाच हाका मारत फिरली म्हणे. मी खडू आणायला गेलो होतो."

बाईंनी रिबीन हातात घेतली आणि शिक्षकांना हाक मारली. तिथेच व्हरांड्यात सगळे शिक्षक जमले.

"घरी निरोप पाठवा, खोलीत बोलावून समजूत घाला," एक वयस्क शिक्षिका म्हणाल्या. "भोंग्यावरून माफी मागितलीत, तर उद्या हीच पोरं डोक्यावर मिरे वाटतील."

"रागावले अंगणात आणि माफी मागू कोपऱ्यात?" बाई म्हणाल्या. "तिच्या आईनेही ऐकलंय ते."

तेवढ्यात गणिताचे सर बोलले. ते एरवी बैठकीत तोंड उघडत नसत. "माझंही नाव एकदा त्याच भोंग्यावरून घेतलं होतं. अकरा वर्षं झाली. अजून फाटकातून आत येताना मी आधी वर बघतो."

सगळ्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी शिडी लावून मला पुसलं. आवाज फाटला तर, ही एकच धास्ती मला होती. बाईंनी माईक उचलला.

"मी मुख्याध्यापिका बोलतेय. परवा मी सातवीतल्या एका मुलीवर चारचौघांत आळ घेतला, काही न विचारता घेतला. नळ बिघडला होता आणि ती पाणी वाचवत होती. चूक तिची नव्हती, माझी होती. मी तिची माफी मागते, तिच्या आईचीही मागते. तिने परत यावं. हा हुकूम नाही, विनंती आहे."

बाईंचा आवाज थरथरत होता. ती थरथर मी तशीच्या तशी बाहेर पोहोचवली. अंगण गप्प होतं, पण कुणीही घाबरलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. आईच्या गळ्यात मापाची टेप तशीच, आणि हाताला धरलेली टिवटिव. "मशीन बंद करून ऐकलं आम्ही," आई म्हणाली. "हिला म्हटलं, चल, आता घरी बसायचं काही कारण उरलं नाही."

टिवटिवने नळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाई, वायसर बसवलं का?"

मामांनी जीभ चावली आणि नळाकडे धूम ठोकली! माफीच्या गडबडीत नळ तसाच राहिला होता. सगळी शाळा हसली. डोळे पुसत बाईही हसल्या.

त्यानंतर काय झालं म्हणता? पोरं काही डोक्यावर बसली नाहीत. गणिताच्या सरांनी एकदा फळ्यावरचं उदाहरण पुसलं आणि म्हणाले, "थांबा, माझंच चुकलं." पुढच्या आठवड्यात काच फोडणारा मुलगा स्वतःहून सांगायला आला. रागवायचं असलं तर बाई खोलीत बोलावतात, आधी विचारतात. कौतुक मात्र माझ्या तोंडून करतात. या कामात मी पटाईत आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो!

मित्रांनो, मला जपणं सोपं आहे. अधूनमधून पुसलं, तार सांभाळली की झालं. माणसाचं नाव जपायला जास्त लक्ष लागतं. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात माईक येईल, कुणी शाळा चालवाल. कधीतरी चुकालही. तेव्हा एवढं करा: ज्याचं नाव जितक्या दूर ऐकवलंत, तितक्याच दूर आपली माफीही ऐकवा. आवाज तेवढा पोचवायला मी आहे. बोलायचं धाडस तुमचं तुम्हाला करावं लागेल.